आकाशाची खातेवही

काही माणसांची नावे आपण दिवसभर घेतो आणि ती माणसांची नावे आहेत हे साफ विसरून जातो. दिव्याचा वॅट, बॅटरीचा व्होल्ट, ताप मोजणारा फॅरनहाइट. ही सगळी एके काळी हाडामांसाची माणसे होती. त्याच पंगतीत, पण जरा कोपऱ्यात बसलेले एक नाव आहे डॉब्सन. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दक्षिण ध्रुवावर ओझोनच्या थराला पडणाऱ्या छिद्राची बातमी येते. बातमीच्या शेवटी कुठेतरी इतके इतके डॉब्सन युनिट असा आकडा असतो. आपण तो वाचतो आणि पान उलटतो.

मी मात्र त्या आकड्यापाशी थांबलो. याचे कारण बहुधा माझा जुना पेशा. उमेदीची सगळी वर्षे मी बँकेत काढली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. रोजच्या रोज आकडे मांडणे, ते जुळवणे आणि जुळले नाहीत तर रात्री उशिरापर्यंत फरक शोधत बसणे, या कामाचे कौतुक कुणी करत नाही. कादंबरीकारांनीही अशा माणसांना फारसे जवळ केलेले नाही. म्हणूनच पन्नास वर्षे आकाशाचा हिशेब लिहीत बसलेल्या एका माणसाचे चरित्र हाती आले, तेव्हा ते मला परक्या माणसाचे वाटले नाही.

गॉर्डन मिलर बोर्न डॉब्सन यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८८९चा. इंग्लंडच्या वायव्येला, विंडरमिअर या सरोवराच्या काठी. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेमुळे आपल्याकडच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना हा सरोवरांचा प्रदेश न पाहताच ओळखीचा झालेला असतो. वडील डॉक्टर होते. मुलगा केंब्रिजला शिकायला गेला, पण त्याचे पहिले संशोधन घराजवळच्या पाण्यावरच झाले. परातीतले पाणी हलवले की ते इकडून तिकडे डुचमळत राहते, तसे वाऱ्याच्या दाबाने अख्खे सरोवरही डुचमळते. ते डुचमळणे या तरुणाने मोजले. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला साध्या साधनाने आकड्यात पकडायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. तो असा घरच्या पाण्यावर सुरू झाला.

पुढे विमाने आली. १९१३ साली डॉब्सन लष्करी वैमानिकांच्या शाळेत हवामानाचे शिक्षक झाले आणि फुगे सोडून वरच्या वाऱ्यांचे वेग मोजू लागले. पहिले महायुद्ध त्यांनी फार्नबरोच्या विमान कारखान्यात प्रयोग करण्यात घालवले. १९२०मध्ये ते ऑक्सफर्डला हवामानशास्त्राचे अध्यापक म्हणून आले. तिथे त्यांची गाठ फ्रेडरिक लिंडमन यांच्याशी पडली. हेच लिंडमन पुढे चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले.

या दोघांनी उल्कांचा हिशेब मांडला. तुटता तारा किती उंचीवर पेटतो, किती उंचीवर विझतो, किती वेगाने जातो, यावरून तिथली हवा किती दाट आहे हे काढता येते. उत्तर आले ते अपेक्षेपेक्षा वेगळे. पन्नास-साठ किलोमीटरवर हवा तेव्हाच्या समजुतीपेक्षा बरीच दाट, म्हणजेच बरीच उबदार असली पाहिजे, असे आकडे सांगत होते. इतक्या उंचीवर ऊब कुठून आली? त्यांनी अंदाज बांधला की तिथे ओझोन वायू असावा आणि सूर्याचे अतिनील किरण शोषून तो हवा तापवत असावा. अंदाज पडताळायचा तर ओझोन मोजायला हवा. फाब्री आणि ब्यूसाँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये तो मोजण्याची रीत दाखवली होती. डॉब्सननी ठरवले, आपण तो रोज मोजायचा.

आता हा ओझोन असतो तरी किती? जमिनीपासून आकाशाच्या टोकापर्यंतचा सगळा ओझोन खाली आणला आणि इथल्या दाबाखाली, शून्य अंश तापमानात पसरला, तर त्याचा थर सरासरी तीन मिलिमीटर जाड भरेल.  या तीन मिलिमीटरवर झाडे, गुरे, समुद्रातले जीव आणि आपली कातडी यांची मदार. आज त्या एका मिलिमीटरचे शंभर भाग करतात आणि एका भागाला एक डॉब्सन युनिट म्हणतात. तीन मिलिमीटर म्हणजे तीनशे युनिट.

ही मोजणी करणारे पहिले यंत्र डॉब्सननी ऑक्सफर्डजवळच्या आपल्या घरच्या कार्यशाळेत बनवले आणि १९२४च्या उन्हाळ्यात ते कामाला लावले. कल्पना सोपी होती. सूर्यप्रकाशातले दोन अतिनील रंग निवडायचे. एक असा की जो ओझोन भरपूर शोषतो आणि दुसरा असा की ज्याला ओझोन फारसे अडवत नाही. दोन्ही रंग जमिनीवर किती प्रमाणात पोहोचले याची तुलना केली की मधल्या ओझोनचा हिशेब लागतो. अडचण होती ती नको असलेल्या बाकीच्या उजेडाची. तो गाळण्यासाठी त्यांनी यंत्रात क्लोरीन आणि ब्रोमीन या वायूंची गाळणी बसवली. पुढे साठ वर्षांनी हेच दोन वायू ओझोनचे मारेकरी म्हणून जगापुढे येणार होते. तेव्हा ते डॉब्सन यांच्या नळीत मुकाट्याने त्यांची चाकरी करत होते.

एका जागेचा आकडा म्हणजे एका खात्याचा उतारा. त्यावरून बँकेची स्थिती कळत नाही. म्हणून डॉब्सननी आणखी यंत्रे बनवली आणि १९२६पासून ती आयर्लंड, स्कॉटलंडची बेटे, स्वीडन, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये पाठवली. फोटोच्या काचा तिथून ऑक्सफर्डला यायच्या आणि त्या सगळ्या तिथेच तपासल्या जायच्या. स्वित्झर्लंडमधल्या आरोझा गावी तेव्हा उघडलेले खाते तर अजून चालू आहे. जगातली सर्वांत जुनी ओझोनची नोंद ती. दोन-तीन वर्षांनी हीच यंत्रे हलवून कॅलिफोर्निया, इजिप्त, न्यूझीलंड आणि आपल्या कोडाईकनालला धाडण्यात आली.

हिशेब जमला तेव्हा एक कोडे पुढे आले. ओझोन सूर्याच्या किरणांनी बनतो. मग विषुववृत्तावर, जिथे ऊन सगळ्यांत कडक, तिथे तो सर्वाधिक हवा. आकडे उलटेच बोलत होते. उष्ण कटिबंधात ओझोन कमी, ध्रुवांच्या दिशेला जास्त आणि तोही वसंत ऋतूत कमाल. डॉब्सननी तर्क केला की वरच्या हवेचे एक संथ अभिसरण असले पाहिजे. ती विषुववृत्तावर वर चढत असेल, ध्रुवाकडे सरकत असेल आणि तिथे खाली उतरताना ओझोन सोबत आणत असेल.

या तर्काला बळकटी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. उंचावरून जाणाऱ्या विमानांमागे पांढऱ्या रेघा उमटत आणि त्यावरून शत्रूला सुगावा लागे. त्या केव्हा उमटतात हे कळण्यासाठी वरच्या हवेतला ओलावा मोजायला हवा होता. डॉब्सन आणि त्यांचे तरुण सहकारी ॲलन ब्रूअर यांनी त्यासाठी साधन तयार केले आणि ब्रूअर ते घेऊन विमानातून वर जाऊ लागले. स्थितांबर, म्हणजे ढगवाऱ्याच्या वरचा थर, विलक्षण कोरडे निघाले. हवेच्या दहा लाख कणांमागे पाण्याचे कण जेमतेम चार-पाच. विषुववृत्तावरून वर चढणाऱ्या हवेला वाटेत इतक्या थंड पट्ट्यातून जावे लागते की तिच्यातले जवळजवळ सारे पाणी तिथेच गोठून गळून पडते, असा उलगडा ब्रूअर यांनी १९४९मध्ये केला. आज या अभिसरणाला दोघांच्या नावाने ओळखतात. कोरडेपणाचा हा मुद्दा वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. आपली गोष्ट पुढे त्यावरच येऊन अडणार आहे.

या कथेत पुण्याचाही धागा आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. तेव्हाचे खात्याचे प्रमुख सर चार्ल्स नॉर्मंड निवृत्तीनंतर इंग्लंडला परतले आणि थेट डॉब्सन यांच्या कामात सामील झाले. यंत्राचा डोळा अधिक तीक्ष्ण करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. याच खात्यातले के. आर. रामनाथन पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. फुग्यातून ओझोन मोजणारे भारतीय साधन पुण्यातच तयार झाले, ते ॲना मणी यांच्या देखरेखीखाली. ऑक्सफर्डच्या टेकडीवर लागलेल्या रोपट्याची एक फांदी इथेही आली होती.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळायचे ठरले. त्याच्या तयारीत १९५६ साली डॉब्सन यांचे एक यंत्र दक्षिण ध्रुवप्रदेशातल्या हॅली बे या ब्रिटिश तळावर गेले. जाण्याआधी ते डॉब्सन यांच्या घरी तपासून घेतलेले होते. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तिकडचा वसंत. उत्तर ध्रुवाजवळच्या अनुभवावरून तेव्हा ओझोन भरपूर वाढायला हवा होता. हॅली बेहून तारेने आकडे आले ते अपेक्षेपेक्षा दीडशे युनिटांनी कमी.

बँकेत हिशेब जुळला नाही की पहिला संशय नव्या कारकुनावर आणि दुसरा बेरजेच्या मशीनवर. डॉब्सन यांच्याही मनात हेच आले. निरीक्षकाची चूक झाली असेल किंवा बोटीच्या प्रवासात यंत्र बिघडले असेल. पण नोव्हेंबर उजाडला आणि आकडे एकदम उसळी मारून अपेक्षित जागी आले. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार. तेव्हा त्यांनी ओळखले की यंत्र बरोबर आहे, निरीक्षकही बरोबर आहे. वेगळे आहे ते दक्षिणेचे आकाश. तिथे हिवाळ्यात वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा ध्रुवाभोवती फिरू लागतो. त्याच्या आत बाहेरची हवा शिरत नाही आणि बाहेरचा ओझोनही येत नाही. नोव्हेंबरात भोवरा मोडला की दार उघडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुढे ओझोनच्या छिद्राचा गवगवा झाला तेव्हा काही मंडळी म्हणू लागली की छिद्र तर डॉब्सननी १९५६ सालीच पाहिले होते, म्हणजे तो निसर्गाचाच खेळ आहे. हे खरे नाही. डॉब्सननी पाहिलेला आकडा तीनशेच्या आसपास होता. तो उत्तरेपेक्षा कमी होता, पण दक्षिणेचा तोच आरंभीचा शिल्लक आकडा होता. पुढची घट कळली ती या शिल्लकेशी ताडून पाहिल्यामुळेच.

डॉब्सन निवृत्तीनंतरही घरूनच मोजत राहिले. १९६८ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी चाळीस वर्षांच्या कामाचा आढावा लिहिला आणि हॅली बेची ही हकिगत त्यात प्रांजळपणे नोंदवली. १९७६च्या जानेवारीतही त्यांची निरीक्षणे चालू होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. आपण मोजत असलेली शिल्लक कुणी पळवू लागले आहे, हे त्यांना कळले नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९७४ साली, रोलंड आणि मोलिना यांनी इशारा दिला होता की फ्रिजमधले आणि फवाऱ्याच्या डब्यांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वर जाऊन फुटतील आणि त्यांच्यातला क्लोरीन ओझोन खाईल. पण त्या हिशेबाने नुकसान हळूहळू आणि थोडे, आणि तेही बरेच उंचावर व्हायचे होते.

झाले वेगळेच. १९८५च्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉनथन शँकलिन या तिघांनी हॅली बेची खातेवही जगापुढे ठेवली. १९५७मध्ये ऑक्टोबरची सरासरी तीनशेच्या आसपास होती, ती १९८४ला दोनशेवर आली होती. एक तृतीयांश ओझोन गायब, आणि तोही बारा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यातून, जिथे कुणी अपेक्षाच केली नव्हती. डोक्यावरून उपग्रह जात होते, पण इतके कमी आकडे तिथे संशयास्पद म्हणून बाजूला काढले जात. बर्फात वर्षानुवर्षे एकाच रीतीने लिहिलेल्या नोंदीने त्यांना मागे टाकले.

पण दक्षिण ध्रुवावरच का? आणि वसंतातच का? याचे उत्तर ढगांत होते. स्थितांबर इतके कोरडे की तिथे ढग होऊ नयेत. तरीही कडाक्याच्या हिवाळ्यात ध्रुवांकडे ते दिसतात. नॉर्वेचे गणिती कार्ल स्टॉर्मर यांनी १९२०-३०च्या दशकांत त्यांचे फोटो घेऊन उंची काढली होती, सुमारे एकवीस ते तीस किलोमीटर. शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी रंगीत झळाळी त्यांना असते, म्हणून त्यांना मोतिया ढग म्हणत. निसर्गाची एक शोभा, एवढेच त्यांचे महत्त्व होते. ते बर्फाचे असणार, असे सगळे धरून चालले होते.

१९८६ साली हा समज बदलला. पाउल क्रुटझेन आणि फ्रँक आर्नोल्ड यांनी, तसेच ब्रायन टून यांच्या गटाने स्वतंत्रपणे, असे मांडले की यांतल्या पुष्कळ ढगांत नुसते पाणी नाही. पाण्याच्या तीन कणांना नायट्रिक आम्लाचा एक कण धरून बनलेले स्फटिक त्यांत आहेत. शुद्ध बर्फ व्हायला तिथे उणे ८५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त थंडी लागते. हे स्फटिक उणे ७८च्या आसपासच तयार होऊ शकतात. पुढे असेही दिसले की काही ढग गोठलेलेच नसतात. गंधकाम्ल, नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे ते अतिशय थंड पण पातळ थेंब असतात. म्हणजे कोरड्या स्थितांबरातही ढग होतात, ते या आम्लांच्या मदतीने.

आता माझ्या भाषेत सांगतो. फुटलेल्या वायूतून सुटलेला क्लोरीन एरवी मोकळा हिंडत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्लोरीन नायट्रेट या दोन संयुगांत तो अडकून पडतो. या त्याच्या मुदत ठेवी. ठेवीत आहे तोवर तो ओझोनला हात लावत नाही. पण ढगाच्या कणाचा पृष्ठभाग मिळाला की ही दोन संयुगे त्यावर एकमेकांशी भिडतात आणि दोन्ही ठेवी एकदम मोडतात. क्लोरीन वायू बाहेर पडतो. नायट्रिक आम्ल मात्र ढगाच्या कणातच राहते, आणि कण मोठे झाले की त्यांच्याबरोबर खाली गळून जाते. नायट्रोजनची संयुगेच क्लोरीनला पुन्हा ठेवीत अडकवत असतात. तीच नाहीशी झाली, म्हणजे ठेव परत भरून घेणारा कारकूनच रजेवर गेला.

हे सगळे हिवाळ्याच्या लांबलचक रात्री, बंद भोवऱ्यात चालते. क्लोरीन साठत राहतो. मग ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य क्षितिजावर येतो, त्याच्या उजेडाने क्लोरीनचे कण सुटे होतात आणि एकेक सुटा अणू ओझोनचे हजारो कण मोडतो. उत्तर ध्रुवाकडे डोंगर आणि समुद्र भोवऱ्याला स्वस्थ राहू देत नाहीत, थंडी तितकी टिकत नाही, म्हणून तिकडे नुकसान कमी. २०११ आणि २०२० साली मात्र थंडी रेंगाळली आणि तिथेही मोठी घट झाली. सुसान सॉलोमन यांनी १९८६मध्ये दक्षिण ध्रुवप्रदेशात मोहीम नेऊन क्लोरीनचा माग काढला. १९८७मध्ये विमाने थेट भोवऱ्यात शिरली आणि पुरावा पक्का झाला.

कोरडेपणा, बंद भोवरा आणि तीनशेची शिल्लक, या तिन्ही गोष्टी डॉब्सन यांच्या वहीत होत्या. ढगातले आम्ल आणि माणसाचा क्लोरीन, ही दोन पाने तेवढी त्यांच्या मागून जोडली गेली.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलला करार झाला. भारत त्यात १९९२मध्ये सामील झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या आणि ते वायू बनवणे २०१०पर्यंत जवळजवळ थांबले. २०२२च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे दक्षिण ध्रुवावरचा ओझोन १९८०च्या पातळीवर परतायला २०६६ साल उजाडेल. वर गेलेला क्लोरीन सावकाशच खाली येतो. ढग तर दर हिवाळ्यात होतच राहणार. त्यांच्याजवळ मोडायला ठेवी उरल्या नाहीत की ते पुन्हा नुसते सुंदर दिसतील.

मला या गोष्टीत भिडते ते वेगळेच. १९२४ साली ओझोन मोजण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. १९५६ सालीही नव्हता. हे आकडे कशाला हवेत, असे विचारणारे कुणी वरिष्ठ अधिकारी त्या काळी भेटले असते, तर डॉब्सन यांच्याजवळ पटण्यासारखे उत्तर नव्हते. हॅली बेच्या नोंदी मध्येच कुणी थांबवल्या असत्या, तर छिद्र वाढतच गेले असते आणि आपल्याला ते कळले असते उशिरा. आपल्याकडेही कुठे विहिरीची पातळी, कुठे नदीचा पूर, कुठे पावसाचे मिलिमीटर कुणीतरी रोज लिहीत असते. त्या वह्या आपण रद्दीत घालतो. घालण्यापूर्वी दहादा विचार करावा. नव्या पिढीतल्या कुणा मुलाने किंवा मुलीने असा एखादा आकडा रोज लिहायला घेतला, तर घरच्यांनी तिला वेड्यात काढू नये. ती आपल्या नातवंडांसाठी आरंभीची शिल्लक लिहून ठेवत असेल.